शेळ्यांचे डोळे आले, त्या वर्षी

१२ एप्रिल

धाकटे,

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. दोन वर्षं झाली, फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता दूध केंद्रावरच्या कारकूनबाईंकडून लिहून घेतलाय. एवढी लबाडी माफ कर.

काम आहे. शेळ्यांचे डोळे आलेत.

आधी बुटकीचे. सकाळी धार काढायला बसले तर तिचा डावा डोळा मिटलेला आणि गालावर पाण्याची रेघ. वाटलं, काडी गेली असेल. पुसून घेतला. दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळे. मग चांदी, मग चांदीची दोन्ही करडं. आता सहा झाल्यात. उन्हात आणलं की भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात, शिक्षा केल्यासारख्या. बुटकीच्या बुबुळावर साय धरल्यासारखं आलंय. काल ती बादलीत पुढचा पाय घालून उभी होती आणि पाणी कुठे आहे ते शोधत होती.

मी मिठाच्या कोमट पाण्यानं सगळ्यांचे डोळे पुसते, दिवसातून तीनदा. आईच्या जुन्या चादरीचं फडकं घेतलंय, मऊ आहे म्हणून मुद्दाम. तरी दोन-तीन दिवसांआड एक नवी निघते. इथल्या दवाखान्यातला डॉक्टर बदलून गेलाय, दुसरा अजून आला नाही.

मार्चमध्ये बाजारातून नवा बोकड आणलाय. काळा, आणि दाढी अशी की एखाद्या साहेबाला शोभावी. तो मात्र ठणठणीत आहे. त्याची काळजी नको.

सत्तावीस जनावरं आहेत. तू याच्यातली शिकलेली. बहीण म्हणून नको, गिऱ्हाईक समजून सांग. कारण काय असेल? मला तर वाटतं धूळ. यंदा धूळ फार आहे.

— ताई

२४ एप्रिल

धाकटे,

पार्सल मिळालं. मलमाच्या बारा ट्यूबा, इंजेक्शनच्या बाटल्या आणि एक छापील कागद. सगळं उलटंपालटं करून पाहिलं, खोकासुद्धा. तुझ्या हातचं एक अक्षर नाही. बरं. गिऱ्हाईक समज म्हणाले होते, गिऱ्हाईकाला मिळतं तसंच मिळालं.

कागद मी भिंतीला चिकटवलाय आणि रोज वाचते. संसर्गाचा रोग आहे, जंतूंचा. धुळीनं वाढतो, पण धुळीतून येत नाही. माशा पसरवतात. हात पसरवतात. 'प्रत्येक जनावराला वेगळा, स्वच्छ कापूस वापरा' हे वाचलं. मी सहाजणींचे डोळे एकाच फडक्यानं पुसत होते गं. एकीचे पुसून दुसरीचे. माया करून करून घरोघर पोचवल्यासारखं.

आता कागदाप्रमाणे चाललंय. आजारी असलेल्या मागच्या गोठ्यात, पोत्यांचा पडदा लावून अंधार केलाय. चारा-पाणी तोंडाशी. मलम सकाळ-संध्याकाळ. हात साबणानं धुऊन धुऊन कातडी फाटलीय. बुटकीच्या सायीच्या कडेनं बारीक लाल शिरा आल्यात, कागद म्हणतो ते बरं होण्याचं लक्षण. बहुतेक जनावरं दोन-तीन आठवड्यांत बरी होतात, असंही लिहिलंय. त्या ओळीवर मी बोट ठेवून झोपले एकदा.

एक कलम राहिलंय. सातवं. 'शेजारच्या कळपांना कळवा, सामाईक पाण्यावर जनावरं नेऊ नका.'

तुला इथलं माहीत आहे. माळावर हौद एकच. चराईच्या समितीला कळलं की माझ्या कळपाला महिनाभर माळावर बंदी, आणि केंद्रावर माझं दूध कुणी हातात धरणार नाही. आजारी असलेल्यांना मी नेतच नाही. ज्या चांगल्या आहेत त्यांनाच नेते. मग कुणाचं काय बिघडतं? दोन आठवड्यांत सगळं निस्तरेल आणि कुणाला कळणारही नाही.

परवा शेजारच्या सुतारवहिनींची शेळी अडली होती. करडू आडवं. मी जाऊन हात घालून सोडवलं. दोन करडं, दोन्ही जगली. वहिनींनी माझे हात ऊन पाण्यानं धुतले आणि म्हणाल्या, "तुझ्या हाताला यश आहे गं बाई."

— ताई

३ मे

धाकटे,

सुतारांच्या शेळ्यांचे डोळे आलेत. एकोणीसपैकी अकरा. त्यांचं माझ्यापेक्षा जोरात आहे. दोघींच्या बुबुळांना व्रण पडलेत.

सुतारभाऊंना तू ओळखतेस. आपल्या दाराच्या चौकटी त्यांनीच केलेल्या. पाठ गेल्यापासून रंधा धरवत नाही, म्हणून गेली पाच वर्षं दोघांचं पोट त्या एकोणीस शेळ्यांवर. वहिनी त्यांना एकेक धरून मधाचं पाणी घालतात डोळ्यात. कुणीतरी सांगितलं म्हणे.

काल समितीची बैठक झाली. माळाच्या उत्तरेला पंधरा दिवसांपासून एक फिरस्ता उतरलाय, बायको आणि तीसेक शेळ्या घेऊन. लोक म्हणाले, त्यानंच आणलं. बाहेरची जनावरं, हौदावर पाणी पाजतो, दुसरं कोण? अध्यक्षांनी सगळ्यांना विचारलं, कुणाकडे कधी सुरू झालं. मलाही विचारलं.

मी सांगितलं, माझ्याकडेही आहे थोडं. तो आल्यानंतरच सुरू झालं.

आज सकाळी लोकांनी त्याला हुसकलं. थोडी दगडफेक झाली असं ऐकलं. हाताला लागलंय म्हणतात. मी गेले नव्हते. घरीच होते. मलम लावत होते.

माझ्या आता नऊ बऱ्या झाल्यात. बुटकी बघते. काल तिनं माझ्या हातातला पाला लांबून ओळखला आणि धावत आली.

— ताई

९ मे

धाकटे,

सुतारवहिनी गेल्या.

परवा दुपारी. ऊन टळटळीत होतं. भाऊ केंद्रावर गेले होते. गोठ्याचं फाटक नीट लागलं नव्हतं किंवा शेळ्यांनी ढकललं. आंधळ्या शेळ्या बाहेर पडल्या आणि पुढचीच्या घंटेमागे चालत गेल्या. पुढचीलाही दिसत नव्हतं. जुन्या खाणीकडे.

खाणीचं कुंपण कधीच मोडलंय. दोन शेळ्या सरळ खाली गेल्या. बाकीच्या कडेला उभ्या राहून ओरडत होत्या. वहिनी धावल्या. चार ओढून मागे आणल्या. पाचवीच्या गळ्याला हात घातला तर ती घाबरली. तिला कुठे माहीत कोण धरतंय. तिनं उसळी मारली आणि दोघी गेल्या.

हे सगळं पलीकडच्या शेतातल्या बाईनं पाहिलं. तिच्या हाकेनं मी धावले. मी पोचले तेव्हा उरलेल्या तीन शेळ्या कडेला तशाच उभ्या होत्या, माना वर करून, कान माझ्याकडे.

आम्ही वहिनींना दाराच्या फळीवर घालून वर आणलं. फार खोल नाही ती खाण. दोन पुरुष. पण खाली दगड आहेत.

आदल्या दिवशीच आमचं बोलणं झालं होतं. इकडचं तिकडचं.

— ताई

२० मे

धाकटे,

आधीची सगळी पत्रं बाजूला ठेव. आता जे लिहिते ते खरं.

बोकड मी एकवीस मार्चला आणला. आणला तेव्हा त्याच्या एका डोळ्याच्या कडेला वाळलेलं चिपड होतं, केस चिकटलेले. विकणारा म्हणाला, "झालं होतं जरासं, आता बरा आहे." मी ऐकलं. आणि घेतला, कारण देखणा होता. पंधरा दिवस वेगळा बांधायला हवा हे मला कळत नाही असं नाही. आई बांधायचीच. मी त्याच रात्री कळपात सोडला. बुटकीचा डोळा तीस मार्चला आला. फिरस्ता माळावर आला सतरा एप्रिलला. तारखा तूच मांडून बघ.

सुतारांकडे रोग गेला तो माझ्या हातानं. शेळी सोडवायला गेले तेव्हा मी गोठ्यातून, मलम लावता लावता, तशीच उठून गेले होते. हात तिथे जाऊन धुतले. आधी नाही. आधी मी त्यांच्या दोन शेळ्यांची तोंडं धरली, बाजूला सारायला. तो ऊन पाण्याचा तांब्या आठवला की अजून मला बसता येत नाही.

आणि अजून एक आहे. त्यांच्या शेळ्यांचे डोळे आले तेव्हा माझ्याकडे चार ट्यूबा शिल्लक होत्या. चार. कपाटात, वरच्या फळीवर. वहिनी मधाचं पाणी घालत होत्या आणि मी फाटकाशी उभी राहून "होईल बरं" म्हणत होते. दिल्या असत्या तर विचारलं असतं, कुठून आणल्यास, कधी आणल्यास. म्हणून दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर सात मेपर्यंत त्यातल्या निम्म्या बघायला लागल्या असत्या. हा रोग बरा होतो गं. सगळ्यात वाईट तेच आहे. तो बरा होतो. माझ्या सत्तावीसच्या सत्तावीस आज बघतात.

काल मी सुतारभाऊंकडे गेले. ते ओसरीवर बसले होते, पुढ्यात वहिनींच्या चपला घेऊन. झिजलेली टाच शिवत होते, कुणासाठी कोण जाणे. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बोकड, तारखा, हात, ट्यूबा. बैठकीतलं खोटं.

त्यांनी दोरा दातानं तोडला.

"माहीत आहे," म्हणाले.

मला वाटलं ऐकायला चुकलं.

"तिला माहीत होतं. तुझ्याकडे डबा परत द्यायला आली होती. तू नव्हतीस. पोत्यांमागे बघितलं तिनं. मलमाच्या रिकाम्या ट्यूबा बघितल्या, भिंतीवरचा कागद वाचला. त्याच्यावर शिक्क्याची तारीख होती, तो फिरस्ता यायच्या आधीची. घरी येऊन मला सांगितलं. मी म्हटलं, चल, जाब विचारू. ती म्हणाली, 'थांबा. सांगेल ती आपण होऊन. तिला एकदम कुठलीही गोष्ट सांगता येत नाही, आईच्या वेळीही तसंच झालं होतं.'"

"पण बैठकीत…"

"बैठकीत ती तुझ्या मागच्या बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी. तू बोललीस आणि तिनं माझा हात धरला. मी गप्प बसलो. वाटलं, बायकांची मैत्री आहे, दोन दिवसांत मिटेल. दुसऱ्या दिवशी त्या माणसावर दगड पडले तेव्हा मी तिथे होतो, ताई. मारला नाही एकही. पण 'थांबा' असंही म्हटलं नाही. म्हणायला माझ्याकडे कारण होतं, आणि म्हटलं नाही."

मग मला आठवलं. आठवलं कशाला, विसरलेच कुठे होते. सहा मेला वहिनी फाटकाशी आल्या होत्या. तुला मी लिहिलं, इकडचं तिकडचं बोललो. ते खोटं. त्या म्हणाल्या होत्या, "तुला काही सांगायचंय का गं मला?" चेहरा उतरलेला, डोळे सुजलेले. मी म्हटलं, "नाही गं. काय असणार सांगायला?" त्यांनी फाटकाची कडी उगाच वरखाली केली. "बरं," म्हणाल्या, आणि गेल्या.

भाऊंना मी म्हटलं, मला मारा, काहीही करा.

ते म्हणाले, "शिक्षा माझ्याकडून कशाला काढून घेतेस? मी काही केलं की तुझं हलकं होणार. समितीसमोर जा. तुझं तू सांग, माझं मी सांगेन."

आणि परत चप्पल शिवायला लागले.

— ताई

४ जून

धाकटे,

तुझं पत्र आलं. दोन वर्षांत पहिलं. एकच ओळ. 'आईचं तेव्हा का सांगितलं नाहीस, खरं सांग.'

मी आजवर म्हणत आले, तुझी शेवटची परीक्षा होती, म्हणून. तू ते मानलं नाहीस, मला वाटायचं तू दुष्टपणा करतेस. तू बरोबर होतीस. परीक्षा हे निमित्त.

छातीत गाठ आहे हे आईनं मला सप्टेंबरमध्ये दाखवलं. तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी आली असतीस आणि तिला शहरात घेऊन गेली असतीस. मोठा दवाखाना, मोठे डॉक्टर. ती तुझ्याकडे राहिली असती. बरी झाली असती तर तुझ्यामुळे. आणि मी इथे, या घरात, शेळ्यांबरोबर. चाळीस वर्षं तिच्यापाशी मी राहिले, आणि शेवटी ती तुझी होणार. ते मला सोसलं नाही. स्वतःशीसुद्धा मी हे असं कधी म्हटलं नव्हतं. "जाईल गाठ, लेप लावू," असं मीच तिला म्हणत होते. ती माझ्यावर विश्वास ठेवत होती. जानेवारीत तू आलीस तेव्हा तिला तुझं नाव घेता येत नव्हतं.

याला माफी मागायची पद्धत मला माहीत नाही. मागतही नाही. विचारलंस, सांगितलं.

एक तारखेला बैठक झाली. मी उभी राहून सगळं सांगितलं. आवाज फुटत नव्हता, अध्यक्ष दोनदा म्हणाले, "मागे ऐकू येत नाही." मग भाऊ उठले. त्यांनी आपलं सांगितलं. ज्यांनी दगड मारले होते ते खाली बघत होते, आणि मला खात्री आहे की त्यातल्या प्रत्येकाला माझा राग त्यासाठीच आला होता. त्यांनी मारलेल्या दगडांना आता कारण उरलं नव्हतं.

कळपाला वर्षभर माळावर बंदी. केंद्रावर दूध बंद. बोकड मी कापला. तो बरा दिसतो, पण असली जनावरं महिनोन्‌महिने जंतू बाळगतात असं तुझ्या कागदावर आहे. कुणाला विकणार, आणि काय सांगून? कापताना तो ओरडला नाही. त्यानं काय केलं होतं? निम्म्या शेळ्या मी भाऊंच्या गोठ्यात बांधल्या. त्यांनी घेतल्या. धन्यवाद म्हटले नाहीत, नकोही होते. रोज सकाळी मी जाऊन धारा काढते आणि ते चरवी आत नेतात. आम्ही बोलत नाही.

काल त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, "त्या माणसाचं राहिलंय."

— ताई

१९ जून

धाकटे,

फिरस्ता सापडला.

तीन दिवस चालले. वाटेवरच्या दुकानांत, पाणवठ्यांवर विचारत गेले. नाव कुणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. 'हात मोडलेला शेळीवाला' म्हटलं की लोक दिशा दाखवायचे. नदीच्या पलीकडे, विटांच्या भट्टीमागच्या पडीक रानात त्यांनी ताडपत्री टाकली होती.

बायको पुढे आली. माझ्याच वयाची. तिनं मला ओळखलं नाही, ओळखण्याचं कारणही नव्हतं, आम्ही कधी समोरासमोर आलोच नव्हतो. मी ज्याच्याबद्दल खोटं बोलले त्या माणसाचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तो झाडाला टेकून बसला होता. उजवा हात कोपराखाली वाकडाच सांधलाय. बोटं मिटत नाहीत. त्यामुळे त्याला धार काढता येत नाही, ती एकटी काढते. दूध मात्र इथेही कुणी घेत नाही. बातमी त्यांच्याआधी पोचली होती. डोळ्यांच्या रोगाची जनावरं.

मी सांगितलं मी कोण. मग बाकीचं सांगितलं.

तो डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक मिटवत राहिला, आणि ती एकेक उघडत राहिली.

बायको म्हणाली, "तुम्ही आमच्या शेळ्या पाहिल्या होत्या का?"

"नाही."

"कुणीच पाहिल्या नाहीत. मी त्या दिवशी ओरडत होते, येऊन बघा, एकीचा तरी डोळा आलाय का बघा. कुणी आलं नाही." तिनं पहिली शेळी ओढून माझ्यासमोर आणली, जबड्याखाली हात घालून तोंड उन्हाकडे वर केलं. "आता बघा."

मी बघितलं. पिवळे, स्वच्छ, पाण्यासारखे डोळे. मधली काळी फट नीट आडवी.

"दुसरा पण."

दुसराही बघितला. मग दुसरी शेळी. मग तिसरी. मी म्हटलं, बाई, मला कळलं. ती म्हणाली, "तुम्हाला कळण्यासाठी नाही. यांना कुणीतरी बघायला हवं होतं." चौतीस शेळ्या, करडं धरून. ती एकेक आणत होती आणि मी जमिनीवर गुडघे टेकून प्रत्येकीच्या दोन्ही डोळ्यांत बघत होते. ऊन कलायला लागलं. मान भरून आली. एकीलाही चिपड नव्हतं. म्हाताऱ्या एका शेळीच्या डोळ्यावर पांढरा ठिपका होता, मी थबकले, तर ती लगेच म्हणाली, "काटा. चार वर्षांपूर्वीचा."

शेवटची सोडून दिल्यावर तिनं हात झटकले.

"आता सांगा. यांचे डोळे आले होते?"

"नाही," मी म्हटलं.

"मग कुणाचे?"

"माझ्या शेळ्यांचे."

"त्यांना ऐकू गेलं नाही," ती म्हणाली, नवऱ्याकडे हात करून. "आणि भट्टीवर माणसं आहेत. त्यांना पण ऐकू जाऊ दे. दूध त्यांनीच नाकारलंय."

भट्टीच्या ओट्यावर विटा रचणारी दहा-बारा माणसं थांबून आमच्याकडे बघत होती. मी उठून उभी राहिले. गुडघ्यांना माती चिकटली होती. बैठकीत फुटला नव्हता तो आवाज कुठून आला कोण जाणे. मी तिकडे तोंड करून ओरडून सांगितलं. बोकडापासून.

— ताई